आग्रह

"परत एकदा द्या," फोटोग्राफर म्हणाला. "या मॅडमचे डोळे मिटले."

मॅडम म्हणजे मी. माझे डोळे मिटले नव्हते. ते मुळातच बारीक आहेत आणि राग आला की आणखी बारीक होतात. पण शासकांच्या पी.ए.नं आमचा कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, आमच्या हातात परत दिला, आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो आणि नरसिंहमूर्तींनी कॅमेऱ्याकडे बघून हसत तोच कागद दुसऱ्यांदा स्वीकारला. पहिल्यांदाही त्यांनी कागदाकडे पाहिलं नव्हतं.

शासक हा आमचा म्हैसूरकडचा शब्द. कन्नडात आमदाराला शासक म्हणतात आणि इथल्या मराठी घरांतही तोच चालतो. मराठीत शासक म्हणजे राज्य करणारा. नरसिंहमूर्तींना मराठी येत नव्हती, पण हा अर्थ त्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता.

"नोडोणा," ते म्हणाले. बघू या. आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पी.ए.नं कागद कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. तिथं असल्या कागदांचा ढीग होता आणि ढिगावर कुणीतरी आणलेली फळांची करंडी होती. मी मुकाट्यानं चपला घालायला निघाले. तेवढ्यात मागून आमच्याबरोबर आलेल्या कमलाक्कांचा आवाज आला.

"स्वामी, ते वाचणार कधी?"

त्यांनी कन्नडात विचारलं, अगदी साध्या सुरात, पंक्तीत कुणाला भात हवा का विचारावं तसं. नरसिंहमूर्ती हसले. "वाचतो की, अम्मा. आज रात्रीच वाचतो."

"वर करंडी आहे," कमलाक्का म्हणाल्या. "खालचं कसं दिसणार?"

पी.ए.नं आम्हाला दारापर्यंत पोचवलं. पोचवलं म्हणजे काय ते समजून घ्या.

त्या कागदात काय होतं ते सांगते. कुवेंपुनगरच्या पलीकडे आमच्या लेआउटात, म्हणजे वसाहतीत, एक सरकारी शाखा ग्रंथालय होतं. ठेंगणी इमारत, पुढं करंजाचं झाड. सकाळी पेन्शनर पेपरावरून भांडत, संध्याकाळी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरी येऊन बसत, कारण घरी त्या पुस्तक घेऊन बसलेल्या कुणाला बघवत नसत. शासकांना त्या जागेवर समुदायभवन बांधायचं होतं. लग्नामुंजींचा हॉल, त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावाचा. पुस्तकं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात हलवणार होते. म्हणजे ज्यांना बस बदलत तिथवर जाणं जमेल त्यांनी वाचावं आणि बाकीच्यांनी इथं लग्नाला येऊन जेवावं.

आम्ही वाचकांची समिती केली. सदाशिवराव अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडे कोट होता. मी चिटणीस, कारण मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते आणि मला कन्नड टायपिंग येतं. आणि कमलाक्का होत्या, ज्यांना कुणीच बोलावलं नव्हतं. समितीतल्या लोकांना वाटलं, स्वयंपाकीणबाईचा ग्रंथालयाशी काय संबंध.

कमलाक्षी त्यांचं नाव. नवरा वेंकोबा लग्नाकार्यात स्वयंपाक करायचे. ते गेले आणि त्यांच्या कढया कमलाक्कांनी चालवल्या. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या मुंजी, बारशी आणि तेरावी त्यांच्या हातची. पण त्यांचं नाव झालं ते स्वयंपाकापेक्षा वाढण्यामुळं. आमच्याकडे जेवण नुसतं चांगलं असून भागत नाही, आग्रह लागतो. कमलाक्का फारसं बोलत नसत. होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, हातात घेऊन पानासमोर उभ्या राहायच्या. "बेकु?" विचारायच्या. हवी? पाहुणा पानावर हात आडवा धरून "साकु, साकु" म्हणायचा. पुरे, पुरे. त्या तिथून हलायच्याच नाहीत. शेवटी पाहुण्याला स्वतःचाच हात जड व्हायचा आणि होळिगे पानात पडायची.

दुपारचं कार्य उरकलं की संध्याकाळच्या फराळाच्या तयारीआधी त्यांना थोडा वेळ मिळायचा. तेव्हा त्या ग्रंथालयात यायच्या. नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि खिडकीजवळच्या बायकांच्या टेबलाशी बसून कन्नड कादंबरी वाचायच्या. हिंगाचा आणि तुपाचा वास यायचा त्यांना. मी त्याच टेबलाशी बसायचे. एकदा पेपर वाचता वाचता मी मराठीत एका पुढाऱ्याचा उद्धार केला आणि समोरून प्रश्न आला, "तुम्ही आमच्यापैकी?"

आमच्यापैकी हे म्हणायला. माझे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आमच्या घरी रविवारी मटण शिजतं. त्या सोवळ्यातल्या माध्व ब्राह्मण. त्यांची मराठी वेगळी, माझी वेगळी, आणि दोन्हींत अर्धं कन्नड. महाराष्ट्रात असतो तर एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहिलो नसतो. इथं तेवढी मराठी पुरली. खिडकीखाली मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं, एका जुन्या ग्रंथपालानं कुठून कुठून जमवलेलं. घरी मी बोलते ती मराठी छापण्यासारखी नाही. ही जी लिहिते आहे ती त्या कपाटातून उचललेली आहे, एवढं सांगितलं की मला ग्रंथालयाचं काय पडलं होतं ते कळेल.

कमलाक्कांचं मात्र मला कळत नव्हतं. फोटोच्या दिवशी दुपारी मी त्यांना सरळच विचारलं. "अक्का, तिथं हॉल झाला तर तुमचाच फायदा. दाराशी काम येईल. तुम्ही कशाला ऊन खात फिरताय?"

त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "गिरिजाबाई, माझ्या घरी मी बसले की सून विचारते, सारु कुठं ठेवलंय. कार्याच्या घरी बसले की यजमान विचारतात, बसलात का. देवळात बसले तर पुजारी म्हणतो, अक्का, प्रसादाचं तेवढं बघता का. या एका खुर्चीवर बसले की मला कोणी काही मागत नाही. दिवसभर लोकांची पानं मांडते, इथं माझी पानं उलटते. हे सोडून दे म्हणतात. कुठं जाऊ मी बसायला? सांगा मत्ते, सांगा मग."

मला नुसता राग आला, आणि तो शासकांचा होता की त्या सुनेचा की पुजाऱ्याचा हे वेगळं काढता येईना.

"आणि तुमचा तो कागद," त्या म्हणाल्या, "त्यावर तुम्ही मनवी लिहिलंय अल्लवा?"

"मनवीच लिहितात. विनंतीअर्ज."

"पेपरात बघा. रस्ता पाहिजे, आग्रह. पगार पाहिजे, आग्रह. सगळे आग्रह करतात आणि आपण सुम्मने, उगाच, मनवी करत बसतो."

हे खरं होतं. कन्नड पेपरात आग्रह म्हणजे मागणी, ठासून केलेली. जुन्या कन्नडात तर आग्रह म्हणजे राग. आणि आमच्या घरात आग्रह म्हणजे अजून एक पोळी घ्या. तोच शब्द, आणि आम्ही त्यातला सगळ्यात मऊ अर्थ घरी आणून ठेवला होता.

"आग्रह करणं सोपं नाही, अक्का," मी म्हटलं. "मोर्चे काढावे लागतात. घसा लागतो."

"मला तेवढंच येतं," कमलाक्का म्हणाल्या आणि पुस्तक उघडलं.

मी नवा कागद टाईप केला. वर जाड अक्षरांत "आग्रह पत्र". सदाशिवरावांना तो शब्द उद्धट वाटला. ते म्हणाले, शासक नाराज होतील. मी म्हटलं, आपण नाराज आहोत हे त्यांना कळू दे की. त्यांनी कोट घातला पण सही करताना हात आखडला. शेवटी पहिली सही कमलाक्कांची झाली.

या वेळी नरसिंहमूर्तींनी कागद वाचला. निदान मथळा वाचला. आणि ते हसायला लागले.

"आग्रह?" ते म्हणाले. "मराठी लोकांकडे आग्रह म्हणजे होळिगे वाढणं, नाही का? मी जेवलोय तुमच्या लग्नांत. उठू देत नाहीत." मग त्यांनी कमलाक्कांकडे नीट पाहिलं. "अरे, तुम्ही त्याच. होळिगेच्या कमलाक्षम्मा. अम्मा, तुम्ही या लोकांत कशाला? भवन होऊ द्या. तिथलं स्वयंपाकघर कायमचं तुमचं. मी शब्द देतो."

"मला स्वयंपाकघर नको," कमलाक्का म्हणाल्या. "मला खुर्ची पाहिजे."

"खुर्ची तर सगळ्यांनाच पाहिजे असते," नरसिंहमूर्ती म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. पी.ए. हसला, फोटोग्राफर हसला, दाराशी बसलेले दहा कामांचे दहा लोक हसले, कारण त्यांची कामं अजून व्हायची होती. आमचे सदाशिवरावसुद्धा ओठ दाबून हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. कमलाक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उत्तर येईपर्यंत जशा पानासमोर उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

"पुढच्या महिन्यात माझी षष्ट्यब्दी आहे," शासक म्हणाले. "ग्रंथालयाचं खातं ज्यांच्याकडे आहे ते मंत्रीसाहेबही जेवायला येणार आहेत. आजूबाजूचे शासक येणार आहेत. स्वयंपाक तुमचा. तुमचा आग्रह तिथं येऊन करा."

पुन्हा हशा. जाताना आम्हा तिघांना एकेक शाल पांघरली. ज्येष्ठ वाचकांचा सन्मान म्हणून. फोटोत माझे डोळे पुन्हा बारीक आले आहेत.

कमलाक्कांनी ते काम घेतलं तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. रस्त्यात, बसस्टॉपवर, लोक बघत असताना. "तो माणूस तुमची टिंगल करतो आणि तुम्ही त्याच्या घरी पुरण वाटणार? लाज नाही वाटत?"

"अवसर करू नका," त्या म्हणाल्या. आमच्याकडे अवसर म्हणजे घाई. "त्यांनी काय सांगितलं? आग्रह तिथं येऊन कर. मी ऐकलं. तुम्ही पण या. मीठ वाढायला माणूस कमी आहे."

म्हणून मी, पाटबंधारे खात्याची निवृत्त टायपिस्ट, नरसिंहमूर्तींच्या षष्ट्यब्दीला मिठाचं भांडं घेऊन उभी होते. मोठा मांडव. पहिल्या पंक्तीत मंत्री, त्यांच्या उजवीकडे आमचे शासक, पुढं आजूबाजूचे शासक ओळीनं. केळीची पानं. मी मीठ वाढलं. कोसंबरी आली, चित्रान्न आलं, सारु-भात झाला, होळिग्यांवर तूप पडलं. कमलाक्कांनी एकाही शासकाला सोडलं नाही. "बेकु?" "साकु." "अर्धी?" आणि पानात अख्खी. मंत्री खूश होते. म्हणाले, आई गेल्यापासून असं कुणी वाढलं नाही.

मग शेवटचा पांढरा भात वाढला गेला.

आता इथली रीत माहीत हवी. भातावर मज्जिगे, म्हणजे ताक, पडल्याशिवाय जेवण संपत नाही. ते संपल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि पंगतीतून एकट्यानं मध्येच उठणं म्हणजे यजमानाचा आणि अन्नाचा दोघांचाही अपमान. त्यामुळं भात वाढून झाला की सगळे ताकाची वाट बघत बसतात. व्यासराज, कमलाक्कांचा कित्येक वर्षांचा वाढपी, ताकाची बादली घेऊन आला. कमलाक्कांनी ती त्याच्या हातातून घेतली, मंत्र्यांच्या पानासमोर गेल्या आणि बादली खाली ठेवली.

"स्वामी, पोट भरलं?"

"भरलं, अम्मा. तुडुंब."

"मग माझं ऐका. शासकांनी मला आग्रह करायला बोलावलंय. आमच्या लेआउटातलं ग्रंथालय पाडून तिथं जेवायचा हॉल करणार आहेत. जेवायला जागा पुष्कळ आहेत. मी सगळ्या बघितल्यात. बायकांना बसून वाचायला आमच्याकडे ती एकच आहे. लग्न झाल्यापासून मी लोकांना बेकु का विचारते. मला आजवर कोणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. ग्रंथालय बेकु."

मंत्र्यांचा पोलीस पुढं सरकला, पण बादलीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईचं काय करायचं ते त्याला कळेना. मंत्री हात पानावर अधांतरी धरून बसले होते. ओळीतल्या प्रत्येक शासकाचा हात वाळत चालला होता आणि कुणालाही उठता येत नव्हतं.

"वाढा हो, अम्मा," नरसिंहमूर्ती म्हणाले. आवाज हसरा होता, तोंड नव्हतं.

"वाढते. साहेब सांगू देत."

मी मिठाचं भांडं हातात घेऊन "बेके बेकु" म्हटलं. आमच्याकडे मोर्च्यात हेच म्हणतात, पाहिजेच पाहिजे. मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, पण मोठ्यानं निघालं. पोलिसाला आता बघायला कुणीतरी मिळालं.

मंत्र्यांनी मान वळवली. "काय हो मूर्ती, काय प्रकार आहे?"

"काही नाही, सर. गैरसमज." नरसिंहमूर्तींनी घाम पुसायला हात उचलला, तर तो उष्टा. "ग्रंथालय तिथंच राहील, सर. भवनही होईल आणि ग्रंथालयही तिथंच राहील."

"ऐकलंत ना, अम्मा?"

"सगळ्यांनी ऐकलं," कमलाक्का म्हणाल्या. आणि त्यांनी बादली उचलली. मंत्र्यांच्या भातावर ताक ओतलं, शासकांच्या भातावर ओतलं, ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. कुणाला थेंबही कमी पडला नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून उरलेल्या होळिग्या खाल्ल्या आणि मी इतकी हसले की रस्त्यावरून जाणारे थांबले. मला वाटलं, झालं काम.

मी मूर्ख होते. नाही तर काय.

कमलाक्कांची कामं बंद होत गेली. ठरलेल्या मुंजी दुसऱ्याकडे गेल्या, बारशी सांगून गेलेले लोक रस्ता बदलून जाऊ लागले. कुणी उघड काही बोललं नाही. फक्त म्हणायचे, शासकांना वेठीला धरणारी बाई, आपल्या कार्यात नको. व्यासराजला संसार होता. तो दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागला. जाताना पाया पडला, तेव्हा कमलाक्कांनी त्यालाच समजावलं.

मग एका सोमवारी आम्ही गेलो तर ग्रंथालयाला कुलूप. तात्पुरतं बंद, अशी पाटी. पुस्तकं पोत्यांत भरून नेली होती. पुढच्या आठवड्यात भिंती पाडल्या. करंजही गेला. मी बंगळूरला गेले, विधानसौधाच्या पासासाठी रांगेत उभी राहिले, शासकांच्या निवासाबाहेर बाकांवर बसले. एकेका शासकाला गाठलं. त्या पंक्तीत बसलेल्यांनाही. होळिगे आठवली सगळ्यांना. ग्रंथालय एकालाही आठवेना. मंत्र्यांचं खातं मधल्या काळात बदललं होतं. त्यांचा माणूस म्हणाला, साहेबांकडे आता मत्स्यपालन आहे, त्यातलं काही असेल तर सांगा.

"होगली," कमलाक्का म्हणाल्या. जाऊ दे. पण त्यांनी ते जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या कार्डावर घेतलेली एक कादंबरी त्यांच्याकडेच राहिली होती. परत द्यायला जागा उरली नव्हती. ती पिशवीत घालून त्या हिंडायच्या. कधी उघडताना मी पाहिली नाही. म्हणायच्या, घरी बसून वाचवत नाही.

भवन उभं राहिलं. पत्रिका आली. उद्घाटन, भोजन, आणि ग्रंथालयासाठी लढणाऱ्या वाचकांचा सन्मान, कारण त्यांची मागणी पूर्ण झाली होती. मी पत्रिका दोनदा वाचली. मग वाटलं, कुणास ठाऊक, केलंही असेल.

आम्ही लवकर गेलो. केलं होतं. स्वयंपाकघराच्या मागं, गॅसच्या टाक्या उतरवतात तिथं, एका दारावर "ग्रंथालय" अशी पितळी पाटी होती. दार उघडंच होतं. आत पातेली होती. एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. खाली पुस्तकांची पोती, त्यांवर तांदळाची पोती. माझं मराठीचं कपाट भिंतीशी होतं, दारं काढलेलं, आणि त्याच्या फळ्यांवर झारे, पळ्या आणि ताकाच्या बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. तिथंच राहील म्हणाले होते. तिथंच राहिलं होतं. आमच्या तोंडाला पानं पुसली होती आणि वर पाटी पितळेची.

मी काय बोलले ते लिहीत नाही. घोडदळातल्या माणसांच्या घरी जी मराठी बोलतात ती बोलले. एक स्वयंपाकी कानावर हात ठेवून बाहेर गेला. मी म्हटलं, "चला अक्का. इथं पाणीही प्यायचं नाही."

कमलाक्कांनी एक बादली उचलून कपाटाची फळी बघितली, पदराच्या टोकानं पुसली आणि बादली पुन्हा जागेवर ठेवली. "जेवायला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "जेवायला बसू या."

भाषणं झाली. शाली पांघरल्या. सदाशिवरावांनी आभार मानले, याचंही मला काही वाटेनासं झालं होतं. मग पंगत बसली. नरसिंहमूर्ती वरच्या टोकाशी, पाहुणे दोन्ही बाजूंना. कमलाक्का सरळ चालत खिडकीपाशी गेल्या. खिडकी नवी होती, पण बाहेर रस्त्यापलीकडचा विजेचा खांब तोच होता, त्यावरून जागा मला ओळखता आली. आमचं टेबल होतं तिथंच त्यांनी खुर्ची ओढली, शाल घडी करून खुर्चीवर घातली आणि बसल्या. मी शेजारी बसले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्या पंक्तीत पानावर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या नीट जेवल्या. काही टाकलं नाही. होळिगे आली तेव्हा "अर्धी" म्हणाल्या आणि अर्धीच घेतली. शेवटचा भात आला. मग ताकाची बादली घेऊन व्यासराज आला. सगळ्यांना वाढत वाढत तो आमच्यापर्यंत पोचला आणि वाकला.

कमलाक्कांनी पानावर हात आडवा धरला.

"अक्का, मज्जिगे," व्यासराज हळूच म्हणाला.

"माझं जेवण झालेलं नाही."

व्यासराजनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या हाताचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. मला वाढून तो पुढं जाऊ शकला असता, पण मीही माझ्या पानावर हात धरला होता. लोकांचं जेवण संपलं. बोलणी थांबली. हात वाळू लागले. मुलं चुळबुळ करू लागली आणि आयांनी त्यांना दाबून बसवलं. दूर वरच्या टोकाशी नरसिंहमूर्तींनी मान उंच करून पाहिलं, कमलाक्का दिसल्या, आणि ते अर्धवट उठले. त्यांच्या शेजारी त्यांची म्हातारी आई बसली होती, जिच्या नवऱ्याचं नाव त्या भवनाला दिलं होतं. ती म्हणाली, "बस. अजून कुणीतरी जेवतंय." ते बसले.

"वाढ की रे," कंत्राटदार मागून व्यासराजवर खेकसला.

"अक्कांचं व्हायचंय," व्यासराज म्हणाला. त्यानं बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

कमलाक्कांनी डावा हात पिशवीत घातला. कादंबरी काढली, मांडीवर ठेवली, बसचं तिकीट घातलं होतं तिथं उघडली आणि वाचायला लागल्या. वर पंखा फिरत होता. उजवा हात तसाच पानावर होता. मी बाजूनं बघत होते. त्यांची नजर ओळीमागून ओळ खाली सरकत गेली, तळाशी पोचली, आणि डाव्या हातानं त्यांनी पान उलटलं.